कोणते पवित्र शास्त्र घ्यावे?

(वाचन : नहेम्या, अध्याय ८ वा, वचने १ ते १२)



गेल्या पावसाळ्यात अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे २०२४ साली ज्याचे नाव अहिल्यानगर झाले त्या जिल्ह्यातील, एका लहान मंडळीचे दोन वडील मजकडे करी रोडला आले. कापणीच्या उपकारस्तुतीच्या दिवशी त्यांच्या मंडळीने काही रक्कम जमविली होती. तीतून व्यासपीठासाठी एक मोठे पवित्र शास्त्र व घरोघर देण्यासाठी पंचवीस लहान प्रती घ्याव्या असा ठराव झाला होता. परंतु कोणत्या भाषांतराच्या प्रती घ्याव्या ह्यावरून मंडळीत दोन तट पडले. वृद्ध म्हणत, वाडवडिलांनी जे वाचले तेच पाहिजे; तरुण म्हणत, जे समजत नाही ते विकत घेऊन कपाटात ठेवण्यात काय लाभ? शिवाय एका गृहस्थाने तळाशी भरपूर टीपा असलेली अभ्यासाची प्रत शहरातून आणली होती, आणि त्याचा आग्रह तिच्यासाठी होता. ते वडील मला म्हणाले, "पाळकसाहेब, खरे भाषांतर कोणते ते आपण एकदा सांगून टाका. आपल्या नावाने सांगितले म्हणजे भांडण मिटेल."

मी त्यांना त्या दिवशी उत्तर दिले नाही. कारण ह्याच प्रश्नाचे उत्तर मी एकदा फार त्वरेने दिले होते, आणि त्याची किंमत माझ्या मंडळीतील एका मुलाने भरली. ते आधी सांगतो.

करी रोड स्टेशनाजवळील एका चाळीत आमची बुधवारची प्रार्थनासभा भरते. ज्या बाईंच्या खोलीत ती भरते त्यांचे यजमान गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हापासून त्या घराने काय सोसले ते सांगू लागल्यास हे पत्र पुरणार नाही. त्या सर्व काळात त्या घरात एक वस्तू विकली गेली नाही, ती म्हणजे सासऱ्यांनी गावाहून आणलेले काळ्या कातडी बांधणीचे पवित्र शास्त्र. बाईंना आता अक्षर दिसत नाही, परंतु स्तोत्रांपैकी कितीतरी त्यांस तोंडपाठ आहेत, व कोणी वाचू लागले म्हणजे त्यांचे ओठ हलत असतात. एका बुधवारी त्यांच्या नातवाने आपण होऊन स्तोत्र वाचावयास मागितले. त्याने ते मोबाईलवरून, एका नव्या सोप्या भाषांतरातून वाचले. दोनतीन वचने होताच आजीबाईंचे ओठ थांबले व त्या म्हणाल्या, "हे माझे स्तोत्र नव्हे." सभेत कुजबुज झाली. मी त्या मुलास थांबविले, ते काळे पुस्तक त्याच्या हाती दिले, आणि सर्वांदेखत म्हटले की उपासनेत शास्त्र वाचावे, शास्त्राचा सारांश वाचू नये. त्याने पुस्तक उघडले. एक ओळ वाचली. दुसऱ्या ओळीवर तो अडखळला, पुन्हा अडखळला, आणि पुस्तक मिटून बाहेर गेला. पुढे चार महिने तो सभेस आला नाही.

त्याच्या आईने मला नंतर सांगितले तेव्हा मला कळले. मुलगा पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शाळेत. घरी मराठी बोलतो. परंतु जोडाक्षरे वाचताना त्याची दमछाक होते. ते सोपे भाषांतर तो आठ दिवस घरी मोठ्याने वाचून तयार करीत होता, ते आजीला आपल्या तोंडून मराठी स्तोत्र ऐकवावे म्हणून. मी त्याच्या हातून ते काढून घेतले. मला वाटले होते की मी देवाच्या वचनाचा मान राखीत आहे!

आता आपल्या वाचनाकडे येऊ. बाबेलच्या बंदिवासातून परत आलेले लोक सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले. पुरुष, स्त्रिया, आणि ज्यांस ऐकून समजण्याची शक्ती होती असे सर्व, म्हणजे जाणती मुलेही, तेथे होती. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहिला आणि उजाडल्यापासून दोन प्रहरपर्यंत नियमशास्त्र वाचीत होता. त्याच्या उजव्या व डाव्या बाजूस तेरा माणसे उभी होती, हे आपण वाचतो व पुढे जातो. परंतु पुढच्या वचनांत आणखी तेरा नावे आहेत, आणि त्यांच्यासह लेवी. हे लोक मंचावर नव्हते. ते लोकांत होते. लोक आपापल्या जागी उभे असता हे त्यांस अर्थ सांगत होते. म्हणजे वाचणारा एक, आणि समजावून देणारे अनेक.

असे का करावे लागले? शास्त्र इब्री भाषेत होते. आणि बंदिवासात ज्यांच्या दोन पिढ्या वाढल्या त्यांच्या तोंडी अरामी भाषा बसली होती. ह्या प्रसंगी लेव्यांनी केवळ स्पष्टीकरण केले नाही, तर लोकांच्या बोलीत भाषांतरही करून सांगितले, असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे. एज्राने लोकांना असे म्हटले नाही की, आधी इब्री शिकून या, मग तुम्हांस ऐकवू. उलट, त्याने मूळ ग्रंथही खाली ठेवला नाही. ग्रंथ वर मंचावर होता व अर्थ खाली लोकांत फिरत होता. लोक रडू लागले ते ग्रंथ उघडला तेव्हा नव्हे. त्या वेळी ते उभे राहिले, त्यांनी हात वर केले व आमेन म्हटले. अश्रू आले ते समजल्यावर. आणि दिवसाच्या शेवटी ते आनंद करावयास गेले, त्याचे कारणही शास्त्रात हेच दिले आहे की, सांगितलेल्या गोष्टी त्यांस कळल्या होत्या.

ह्याच पुस्तकाच्या १३ व्या अध्यायात नहेम्याला एक दुःखाची गोष्ट आढळते. काही घरांतील मुले अर्धी अश्दोदी बोलत होती, आणि त्यांस यहूद्यांची भाषा बोलता येत नव्हती. नहेम्याने त्यांच्या बापांशी काय केले ते तेथे वाचा. त्याने त्यांचे केस उपटले. मी ते वचन वाचतो तेव्हा मला आमच्या गिरणगावातील मुले आठवतात, आणि मग हेही आठवते की त्या मुलांस इंग्रजी शाळेत घालण्याची शिफारसपत्रे मीच लिहून दिली आहेत. तेव्हा केस कोणाचे उपटावे?

आपले मराठी शास्त्र एकाच वेळी आकाशातून उतरले नाही, हे वृद्धांनी ध्यानात घ्यावे. विल्यम केरी ह्यांनी सेरामपूर येथे वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने काम केले, आणि १८११ साली तेथून मराठी नवा करार बाहेर पडला. बंगालात बसून केलेली ती मराठी मुंबई व दक्षिणेतील लोकांच्या कानास रुचली नाही. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस आले. त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी नव्याने भाषांतर हाती घेतले. १८२६ साली तो नवा करार मुंबईत छापून झाला, आणि त्याच वर्षी हॉल नाशिकेकडील दौऱ्यात पटकीने मरण पावले. संपूर्ण शास्त्र १८४७ साली पूर्ण झाले. त्यानंतरही ते सुधारले गेले, पुन्हा सुधारले गेले, आणि ह्या सुधारणेच्या कामात बाबा पदमनजी ह्यांच्यासारख्या आपल्याच लोकांचे हात लागले. ज्यास आज कोणी वाडवडिलांचे शास्त्र म्हणतो, ते त्या वाडवडिलांच्या वाडवडिलांस नवे होते, आणि त्यांतीलही काहींनी खात्रीने नाक मुरडले असेल.

ह्याहून पंडिता रमाबाईंची गोष्ट मला अधिक शिकविते. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ज्यांस 'सरस्वती' ही पदवी दिली, ज्यांच्या मुखी संस्कृत खेळत होते, अशा त्या विदुषी. जड व भारदस्त मराठी लिहिण्याचा अधिकार कोणास असेल तर तो त्यांस होता. त्यांनी केडगावच्या मुक्तिसदनात बसून इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि आयुष्याची शेवटची कित्येक वर्षे संपूर्ण शास्त्राचे भाषांतर करण्यात घालविली. कोणासाठी? दुष्काळातून आलेल्या, नुकती अक्षरे ओळखू लागलेल्या बायांसाठी. म्हणून पंडिती शब्द त्यांनी हेतुपुरस्सर टाळले व साध्या बोलीतले घेतले. १९२१ साली कन्या मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई स्वतः प्रभूजवळ गेल्या. मुक्तिसदनाच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच खिळे जुळविले आणि १९२४ साली ते शास्त्र प्रसिद्ध झाले. आपल्या उपासनामंदिरांत ते व्यासपीठावर फारसे गेले नाही. त्याचे मला वाईट वाटते; परंतु सोपी भाषा ही अर्धवट शिकलेल्यांची करामत आहे असे जो म्हणतो, त्याने केडगावाकडे पाहावे.

तरी वृद्धांच्या बाजूने बोलण्यासारखेही पुष्कळ आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेत एक प्रसंग घडला, तो संत ऑगस्टिन ह्यांनी जेरोम ह्यांस पत्राने कळविला. जेरोम ह्यांनी इब्रीवरून लॅटिन भाषेत नवे भाषांतर केले होते. ओया नावाच्या गावी, जेथे आज त्रिपोली शहर आहे, तेथील बिशपांनी योनाचे पुस्तक त्या नव्या भाषांतरातून वाचले. योनावर सावली करणारा वेल पिढ्यान् पिढ्या भोपळ्याचा म्हणून ऐकलेला. जेरोम ह्यांनी तेथे दुसऱ्याच वेलीचे नाव घातले होते. लोकांनी एवढा गोंधळ केला की बिशपांस तो शब्द बदलावा लागला, नाहीतर मंडळीच उरली नसती. एका वेलीसाठी! आपण हसतो. परंतु त्या लोकांना योनाची गोष्ट शब्दन् शब्द ठाऊक होती, म्हणून तर एक शब्द हलताच त्यांच्या कानांस कळले. आपल्या मंडळ्यांत आज वाचणाऱ्याने अख्खे वचन गाळले तरी कोणाची मान वर होत नाही. माझ्या आजीबाई ओयाच्या लोकांपैकी आहेत. जे पाठ आहे ते भाषांतर काढून घेणे म्हणजे अंध मनुष्याच्या घरातील भांडी हलविण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट. कित्येक शब्द बदलून चालत नाही. ते शिकवावेच लागतात. 'करार' हाच शब्द घ्या. आमच्या इकडे चाळी पाडून उंच इमारती होत आहेत, आणि प्रत्येक घरात बिल्डरशी करावयाच्या कराराची चर्चा आहे. रविवारच्या शाळेत मी एका लहान मुलीस विचारले, "नवा करार म्हणजे काय?" ती म्हणाली, "जुन्या बिल्डरने पैसे दिले नाहीत म्हणून दुसऱ्याशी केलेला." मी तिला चूक म्हणू शकलो नाही, परंतु हेही सांगितले की ह्या करारात एका पक्षाने आपल्या रक्ताने सही केली, व दुसऱ्याने पुन्हा पुन्हा मोडला तरी पहिल्याने तो मोडला नाही. येथे शब्द सोपाच आहे; उणीव आहे ती लेव्याची. उलट, काही ठिकाणी शास्त्र स्वतःच लेव्याचे काम करते. यशयाच्या पहिल्या अध्यायात शुद्ध झालेल्या पापाला बर्फाची उपमा आहे. आपल्या खेड्यांत ते पडलेले कोणी पाहिले आहे? परंतु संदेष्ट्याने लगेच शेजारी लोकर ठेविली आहे, आणि ती प्रत्येक धनगरवाड्यात आहे.

त्या वडिलांच्या मनात एक भय होते, ते त्यांनी दुसऱ्या दिवशी दबक्या आवाजात सांगितले. प्रेषितांच्या कृत्यांच्या ८ व्या अध्यायातील ३७ वे वचन नव्या प्रतीत नाही. कोणी तरी आपले शास्त्र कापीत आहे काय? हे भय खेड्यापाड्यांत पुष्कळ फिरते, म्हणून स्पष्ट लिहितो. फिलिप्प व कूशी षंढ ह्यांच्या संभाषणातील विश्वासाच्या कबुलीचे ते वचन. छापखाने नव्हते तेव्हा शास्त्र हाताने उतरून घेत. १५१६ साली इरॅस्मसने ग्रीक नवा करार छापला, तेव्हा त्याच्यापाशी थोडीच व बहुधा अलीकडची हस्तलिखिते होती. १६११ चे प्रसिद्ध इंग्रजी भाषांतर त्याच परंपरेवर झाले. पुढे १९ व्या शतकात सीनाय पर्वतावरील मठात चौथ्या शतकातील हस्तलिखित हाती लागले, आणि इतरही पुरातन प्रती अभ्यासिल्या गेल्या. त्यांत हे वचन नाही. म्हणून काही आवृत्त्या ते कंसात देतात, काही तळाशी देतात. मार्काच्या शेवटच्या बारा वचनांविषयी व योहानातील व्यभिचारी स्त्रीच्या वृत्तांताविषयीही अशीच सूचना आढळते. हे कापणे नव्हे. हिशेबाची वही उघडून दाखविणे आहे. जो लपवितो तो तळटीप देत नाही. आणि जुन्या कराराविषयी पाहा : १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या गुहांत ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांत यशयाचे पुस्तक प्रभूच्या जन्माच्याही पूर्वीचे आहे, आणि ते आपल्या यशयाशी इतके जुळते की विद्वानही थक्क झाले. तेव्हा भिऊ नका.

आता टीपांच्या प्रतीविषयी. मी सेमिनरीत शिकलो. टीपांवाचून मी पांगळा झालो असतो, हे कबूल करतो. नकाशे, वजने-मापे, एका वचनावरून दुसऱ्या वचनाकडे नेणारे संदर्भ ह्यांची उपदेशकास फार गरज आहे. परंतु एकाच पानावर वर देवाचे वचन व खाली मनुष्याचे मत छापलेले असले की डोळा वरून खाली केव्हा घसरतो ते कळत नाही. इंग्रजी शास्त्रांच्या समासात १७०१ पासून आर्चबिशप अशर ह्यांच्या गणिताची सालेही छापू लागले. जगाची उत्पत्ती ख्रिस्तपूर्व ४००४ साली झाली असे तेथे असे. पिढ्यान् पिढ्या लोकांनी तो आकडा मोशेनेच लिहिला असावा असे मानले. १५६० च्या जिनीव्हा शास्त्रातील टीपा राजसत्तेविरुद्ध आहेत म्हणून पहिला जेम्स राजा इतका रागावला की १६११ च्या भाषांतरात मतप्रतिपादक टीपा नकोत असेच ठरले. १९०९ साली स्कोफील्ड ह्यांचे टीपांसह शास्त्र निघाले, आणि त्यातील युगांची विभागणी आपल्याकडील कित्येक उपदेशकांच्या तोंडी अशी बसली आहे की ती कोणत्या अध्यायात आहे असे विचारले असता ते पाने चाळू लागतात. आमच्याच सभेत एका बंधूने भर वाचनात तळटीप वाचून दाखविली, आणि सर्वांनी, मीही, आमेन म्हटले. म्हणून टीपांची प्रत घेताना त्या टीपा कोणी लिहिल्या, कोणत्या पंथाच्या मताने लिहिल्या, हे पहिल्या पानावर पाहून घ्यावे. ते लिहिलेलेच नसेल तर ती घेऊ नये.

रोमन कॅथलिक बंधूंच्या भाषांतरांविषयीही मला विचारण्यात आले. त्यांच्या शास्त्रात आपल्या ६६ पुस्तकांखेरीज तोबित, यहूदीथ, मक्काबी इत्यादी धरून ७३ पुस्तके असतात, एवढे जाणून असावे. परंतु वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२४ साली निवर्तले, त्यांच्या सुबोध बायबलास साहित्य अकादमीचा भाषांतराचा पुरस्कार मिळाला. आणि ज्यांच्या घरी शास्त्र कधी उघडले गेले नव्हते अशा कितीतरी मराठी वाचकांनी ते हाती घेतले. शेजाऱ्याच्या विहिरीस पाणी लागले म्हणून आपण दुःख करीत बसावे काय?

असो. त्या वडिलांना मी निकाल दिला नाही. त्यांना बुधवारपर्यंत ठेवून घेतले. त्या संध्याकाळी आम्ही लूकाचा १५ वा अध्याय दोनदा वाचला, एकदा जुन्या भाषांतरातून, एकदा सोप्यातून. आणि प्रत्येक वेळी पुस्तक मिटून बायकामुलांस म्हटले, आता ही गोष्ट आम्हांस परत सांगा. जुन्या वाचनानंतर आजीबाईंनी ती अशी सांगितली की बापाचे धावत जाणे डोळ्यांपुढे उभे राहिले. परंतु मुले गप्प होती. सोप्या वाचनानंतर मुलांनी सांगितली, आणि एका सात वर्षांच्या मुलाने विचारले की थोरला भाऊ शेवटी घरात आला की नाही. वीस वर्षांत मी ह्या अध्यायावर पुष्कळ उपदेश केले आहेत. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. वडिलांपैकी जे अधिक जुन्या मताचे होते, त्यांनी तो आपल्या वहीत लिहून घेतला.

नातूही त्या दिवशी आला होता. मी त्याच्या घरी जाऊन, त्याच्या आईच्या व आजीच्या समोर, त्याची क्षमा मागितली होती. आता तो महिन्यातून एकदोनदा येतो, पूर्वीप्रमाणे दर आठवड्यास नव्हे. आला म्हणजे तो आपल्या सोप्या भाषांतरातून एक वचन वाचतो, आणि आजीबाई तेच जुन्या शब्दांत पाठ म्हणतात. ह्यात सभेचा वेळ दुप्पट जातो, अशी तक्रार आहे.

वडिलांनी व्यासपीठासाठी मोठ्या अक्षरांचे जुने भाषांतर घेतले, घरोघर देण्यासाठी सोप्याच्या पंचवीस प्रती घेतल्या, आणि टीपांची एकच प्रत घेतली, ती उपदेशकाच्या कपाटात ठेवावयाची व मागेल त्यास तेथे बसून वाचू द्यावयाची अशा बोलीने. पैसे थोडे उरले. ते आजीबाईंच्या काळ्या पुस्तकाच्या बांधणीस द्यावे असे ते म्हणू लागले. बाईंनी घेतले नाहीत, तुमच्या गावातील जुनी पुस्तके बांधून घ्या म्हणाल्या. परळच्या डेपोवर मी त्यांस गाडीत बसवून दिले तेव्हा त्यांनी मागणे केले की हे सर्व लिहून पाठवावे, म्हणजे मंडळीपुढे वाचून दाखविता येईल. मी कबूल केले होते, त्याप्रमाणे लिहिले आहे.